लघवीत ‘पस’? थांबा, आधी रिपोर्ट नीट वाचा!

नवी नोकरी म्हणजे काय? ऑफर लेटर, दोस्तांना पार्टी, जुन्या बॉसचा पडलेला चेहरा... आणि मेडिकल! या शेवटच्या गोष्टीला कुणी भाव देत नाही. मीही दिला नव्हता. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले, रक्त दिलं, एक्स-रे काढला, एका टीचभर डबीत घाईघाईत लघवी दिली आणि बाहेर पडून पहिलं काम काय केलं, तर दोन वडापाव हाणले.

शुक्रवारी संध्याकाळी घणसोलीहून जुईनगरला येताना, लोकलच्या दारात उभी असतानाच मोबाइलवर रिपोर्ट आला. रक्तातलं सगळं ठीक. हिमोग्लोबिन जरा कमी, पण ते आमच्याकडे पिढीजात आहे. शेवटच्या पानावर मात्र जाड ठशातली एक ओळ होती. ‘पस सेल्स १८-२०’. आणि समोर नॉर्मल किती? तर ०-५.

पस म्हणजे पू, एवढं तर मलाही कळतं. गळू फुटल्यावर येतो तो. तो माझ्या लघवीत? तोही चौपट? तुर्भे येईपर्यंत मी मनातल्या मनात माझी एक किडनी घालवली होती. जुईनगर येईपर्यंत नोकरीही.

खरं तर मला काहीच होत नव्हतं. जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. पण छापलेल्या आकड्यापुढे आपल्या स्वतःच्या शरीराचं ऐकतो कोण?

अर्धी स्ट्रिप आणि पूर्ण मूर्खपणा

मी राहते शिरवण्यात. नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सेक्टर आणि आखीव रस्ते येतात. पण या सेक्टरांच्या मधोमध जुनी गावठाणं अजून नांदतायत. सिडकोची स्थापना १९७० सालची; शिरवणे त्याच्या कितीतरी आधीचं. चिंचोळ्या गल्ल्या, एकमेकींना खेटून उभ्या चार-चार मजली इमारती, खाली मालकांचं घर आणि वर आमच्यासारखी भाडेकरू मंडळी. हायवे ओलांडला की एमआयडीसी. भाडं परवडतं, स्टेशन जवळ, आणि खाली काकी! आमची घरमालकीण. वयाची साठी जवळ आलेली, गेली दहा वर्षं शुगर, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर फोनची गरज नाही.

‘काय गो, तोंड का असं उतरलंय?’ जिन्यातच काकींनी विचारलं.

‘काही नाही काकी, दमले.’

सांगणार काय? लघवीत पू निघालाय म्हणून? आपल्याकडे सर्दी-खोकला गावभर सांगता येतो. कमरेखालचं काही झालं, की तोंडाला कुलूप.

रूममेटला मात्र सांगितलं. तिने लगेच कपाटातून अर्धी स्ट्रिप काढली. ‘मला झालं होतं ना मागे, त्यातल्या उरल्यात. दोन दिवसांत मोकळी होशील.’ अँटिबायोटिक होतं. त्या रात्री एक, शनिवारी दोन घेतल्या. रविवारी सकाळी आणखी एक घेतली आणि स्ट्रिप संपली. मग नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. चिठ्ठी न मागता त्याने आणखी चार काढून दिल्या. वर विचारलं, ‘सोबत ॲसिडिटीची देऊ?’

इतका सोपा कारभार! तुमच्यापैकी किती जणांनी हे केलंय, हात वर करा बरं. मला दिसत नाहीत, पण वर गेलेत ते कळतंय.

‘आधी गोळी, मग तपासणी?’

सोमवारी नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला. फिटनेस सर्टिफिकेट हवं, डॉक्टरांकडून सही घेऊन या. त्यामुळे नाइलाजाने मी डॉक्टर मॅडमकडे गेले. नाहीतर खरं सांगते, गेले नसते.

मॅडमनी रिपोर्टवर एक नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला तो आकड्यावर नव्हता. ‘त्रास काय होतोय?’

‘काहीच नाही.’

‘नमुना कसा दिला होता?’

कसा म्हणजे? डबी धरली, भरली, दिली. मॅडमनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला आणि ‘पस सेल्स’च्या खालच्या ओळीवर पेन ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘एपिथेलियल सेल्स १०-१२’. माझ्या डोळ्यांनी ती ओळ पाहिलीच नव्हती. ती जाड ठशात नव्हती ना!

‘या त्वचेच्या, बाहेरच्या भागाच्या पेशी. इतक्या दिसल्या म्हणजे लघवीत बाहेरचा स्राव मिसळल्याची दाट शंका. तुझ्या पांढऱ्या पेशीही तिथूनच आल्या असतील. पुन्हा नीट नमुना दे, सोबत कल्चरही करू. अजून गोळी-बिळी घेतली नाहीस ना?’

मी गप्प. मॅडमना उत्तर कळलं.

‘आधी गोळी, मग तपासणी? आता कल्चरमध्ये काही उगवलं नाही, तर जंतू नव्हतेच की गोळीने दबले, हे मी कसं सांगू? पुरावा तर तूच पुसून टाकलास.’

झालंही तसंच. गोळ्या बंद करून, दोन दिवस थांबून नमुना दिला. पस सेल्स २-३, एपिथेलियल सेल्स १-२, कल्चर कोरं. सर्टिफिकेट मिळालं, नोकरीही मिळाली. पण पहिल्या वेळी मला खरंच इन्फेक्शन होतं का, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मॅडमचा अंदाज ‘नव्हतं’ असा. म्हणजे त्या गोळ्या बहुतेक फुकटच गेल्या.

‘पस सेल’ म्हणजे नक्की कोण?

नमुना द्यायला गेले तेव्हा लॅबमधल्या दादाला म्हटलं, मला एकदा दाखवा तरी हे पस सेल्स! तो बिचारा हसला, पण त्याने दाखवलं. दुसऱ्या कुणाच्या तरी नमुन्याची स्लाइड लावलेली होती. नाव अर्थातच सांगितलं नाही.

काम असं चालतं. थोडी लघवी एका नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवतात, म्हणजे त्यातले कण तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून टाकायचं, तळाच्या गाळाचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली साधारण ४०० पट मोठा करून पाहायचा. एका वेळी जेवढा गोल भाग दिसतो, त्याला म्हणतात ‘हाय पॉवर फील्ड’. अशी बरीच फील्ड्स पाहून सरासरी लिहायची. माझे ‘१८-२०’ म्हणजे एवढंच. एका गोलात १८ ते २० पेशी. चमचाभर पू नव्हे!

मी डोळा लावला. पाण्यात सांडलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, दाणेदार पेशी. त्यांच्या शेजारी त्यांच्याहून लहान, गुळगुळीत अशा लाल पेशी. हे दाणेदार गोळे म्हणजेच पांढऱ्या पेशी. रक्तातल्याच, बहुतेक न्यूट्रोफिल नावाच्या जातीच्या. आपल्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे मोहरीएवढ्या थेंबात, साधारण ४ हजार ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. कुठे जंतू शिरले किंवा सूज आली, की न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि बऱ्याचदा तिथेच मरतात. अशा मेलेल्या पेशींचा ढीग साचला, की त्याला आपण पू म्हणतो.

हे गिळणं पहिल्यांदा नीट ओळखलं ते एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! याच कामासाठी १९०८ साली त्याला पॉल एर्लिखसोबत नोबेल मिळालं.

थोडक्यात, पांढऱ्या पेशी म्हणजे आग विझवायला आलेला बंब. बंब दिसला म्हणजे आग असेल, असं वाटणं साहजिक. पण आग कुठे लागलीय, किती मोठी, की कुणी नुसताच फोन केला होता, हे बंब पाहून कळत नाही. आपल्याकडच्या लॅबा मात्र अजूनही जुन्या सवयीने या पेशींना ‘पस सेल्स’ म्हणतात. तीच पेशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘डब्ल्यूबीसी’ म्हणून आली तर आपण झोपतो. लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘पस’ म्हणून आली की झोप उडते.

रिपोर्ट पूर्ण वाचायचा, एकच ओळ नाही

मॅडमनी मला शिकवलं ते साध्या भाषेत असं:

पस सेल्स वाढल्यात, जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतंय: इन्फेक्शनची शक्यता मोठी. बायकांमध्ये हे इतकं सर्रास का? तर बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची साधारण २०. जंतूंना प्रवास छोटा! साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे इन्फेक्शन होतं. दर चारांतल्या तीन वेळा तरी दोषी असतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. यात अस्वच्छ असण्याचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. लाजायचं कशाला?

पस सेल्स वाढल्यात, एपिथेलियल सेल्सही भरपूर: आधी नमुन्यावर शंका घ्या. माझी केस.

पस सेल्स वाढल्यात, सोबत लाल पेशी आणि कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ: खडाही असू शकतो. डॉक्टर सोनोग्राफी सांगतील.

‘नायट्राइट पॉझिटिव्ह’: ई. कोलायसारखे काही जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास तरी मुरावी लागते आणि सगळेच जंतू हे करत नाहीत. म्हणून ‘निगेटिव्ह’ आलं तर लगेच पेढे वाटू नका.

‘ल्युकोसाइट एस्टरेज’: हे पांढऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम. रंग बदलणाऱ्या पट्टीवर ते तपासतात. लघवीत पट्टी बुडवून रंग पाहायची ही सोपी पद्धत घरोघरी पोहोचली ती हेलन फ्री या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईमुळे. तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून केलेली साखर तपासण्याची पट्टी १९५६ साली बाजारात आली. पांढऱ्या पेशींचा चौकोन त्या पट्ट्यांवर पुढे कधीतरी आला. एक गंमत लक्षात ठेवा. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर खात असाल तर ही पट्टी फसू शकते.

पस सेल्स पुन्हा पुन्हा वाढलेल्या, कल्चर मात्र दर वेळी कोरं: ही गोष्ट अंगावर काढू नका. लैंगिक संबंधांतून होणारी काही इन्फेक्शन्स साध्या कल्चरमध्ये उगवत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकाने किडनीला आलेली सूज असू शकते. आणि आपल्या देशात डॉक्टर आणखी एका गोष्टीचा विचार करतात, तो म्हणजे किडनीचा टीबी. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे आणि टीबी फक्त फुफ्फुसातच होतो असं नाही. खोकल्याचा पत्ताही नसताना तो मूत्रमार्गात असू शकतो. त्याची तपासणी वेगळी, ती मुद्दाम सांगून करावी लागते. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

आणि मुलांनो, ‘हे बायकांचं’ म्हणून पान उलटू नका! तरुण पुरुषाच्या लघवीत पस सेल्स वाढल्या, तर डॉक्टर ती गोष्ट जास्तच गंभीरपणे घेतात. कारण तुमच्यात ही साधी इन्फेक्शन्स कमी होतात, म्हणून प्रोस्टेट, खडा, लैंगिक आजार असं काही मुळाशी आहे का, ते पाहावं लागतं.

काकींचा आकडा माझ्यापेक्षा छोटा होता

इथे माझी गोष्ट संपली असती, तर हा लेख लिहिलाच नसता.

नवी नोकरी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. रात्री दीडच्या सुमारास खालून हाक आली. काकींचा मुलगा होता. खाली गेले तर काकी दोन गोधड्यांखाली थडथड कापत होत्या. ताप, उलट्या, आणि उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली हात लावू देत नव्हत्या. आधी सगळ्यांना वाटलं मलेरिया. नेरुळला नेऊन ॲडमिट केलं.

सकाळी लघवीचा रिपोर्ट आला. पस सेल्स १०-१२. माझ्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास! ‘मग काही विशेष नाही ना?’ मुलाने विचारलं. मीही तेच विचारणार होते. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘आकडा सोडा, पेशंट बघा.’ इन्फेक्शन मूत्राशयातून वर चढून किडनीत पोहोचलं होतं. साखर ३१० होती. जंतू रक्तात उतरायला वेळ लागला नसता.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. काकींना गेला महिनाभर जळजळ होती. कुणाला सांगितलं नाही. सुनेला नाही, मुलाला तर मुळीच नाही. जास्त झालं की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की सोडून द्यायच्या. असं तीनदा. मी ज्या जिन्यात त्यांना ‘काही नाही, दमले’ म्हटलं होतं, त्याच जिन्यात त्या स्वतः तेच लपवून उभ्या होत्या.

दोन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला. हा कागद वेगळा असतो. लघवीतले जंतू थाळीत वाढवतात आणि मग एकेका औषधासमोर लिहितात, ‘एस’ म्हणजे हे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे या जंतूवर चालणार नाही. काकींच्या कागदावर वरपासून खालपर्यंत ‘आर’, ‘आर’, ‘आर’. त्या महिनाभर घेत होत्या त्या गोळीसमोरही ‘आर’. अर्धीमुर्धी औषधं खाऊन मेले ते कमकुवत जंतू. उरले ते पक्के. शेवटी इंजेक्शनातलं एक औषध चाललं. सहा दिवस हॉस्पिटल. काकी वाचल्या. घरी आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या आणि आवाज पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा पोहोचत नव्हता.

माझी रूममेटने दिलेली स्ट्रिप आणि काकींच्या दोन-दोन गोळ्या, यात फरक तो काय? मला काही झालं नव्हतं म्हणून मी सुटले, एवढाच.

लाल रेष बघता का तुम्ही?

घरातली औषधांची डबी आत्ता उघडा. ज्या पाकिटांवर उभी लाल रेष आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. २०१६ साली केंद्र सरकारने याच लाल रेषेची जाहिरात मोहीम केली होती. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ नावाची यादी लागू झाली. त्यातली महत्त्वाची अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची असते. कायदा आहे. पण गिऱ्हाईकच ‘दोनच द्या हो’ म्हणत काउंटरवर उभं राहिलं, तर कायदा काय करणार? ते गिऱ्हाईक मीच होते, म्हणून म्हणते.

आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली, ती बहुतेकांना माहीत नसते. लघवीत जंतू सापडले पण त्रास काहीच नाही, तर बहुतेक वेळा औषध द्यायचं नसतं! अपवाद मोठे दोन. गर्भवती, आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणार असलेले पेशंट. गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी तपासायचं आणि उपचारही करायचे, कारण तेव्हा इन्फेक्शन किडनीपर्यंत चढण्याचा धोका जास्त असतो.

पाणी पिणार, पण जाणार कुठे?

‘पाणी भरपूर पी’ हा सल्ला सगळेच देतात. त्याला पुरावाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने जवळपास निम्मं!

पण प्यायलेलं पाणी बाहेरही पडायला हवं ना? आपल्या लोकलमध्ये टॉयलेट नसतं. स्टेशनवरच्या टॉयलेटचं नाव काढलं तरी मुली नाक मुरडतात. फील्डवर फिरणाऱ्या माझ्या मैत्रिणी सकाळी घरून निघाल्यावर दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. लघवी तुंबवून ठेवणं म्हणजे जंतूंना वाढायला निवांत वेळ देणं. २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ सुरू झाली ती याचसाठी. पुरुषांना मुतारी फुकट, बाईकडून मात्र पैसे, हा कुठला न्याय, असा त्या बायकांचा रोकडा सवाल होता. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही महापालिकांना रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. तेव्हा ऑफिसातलं टॉयलेट घाण असेल, तर ॲडमिनला मेल टाकताना लाजू नका. एसी चालत नाही तेव्हा टाकताच ना?

नमुना देताना हे पाळा

• शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. नाहीतर निदान तीन-चार तास न गेलेली.
• हात धुवा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने स्वच्छ करा. मुलींनी पुढून मागे.
• सुरुवातीची धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. यालाच ‘मिडस्ट्रीम’ म्हणतात.
• डबीच्या आत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. कल्चरसाठी लॅबची निर्जंतुक डबीच घ्या, घरची जॅमची बाटली नको!
• नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा. ठेवून दिला तर जंतू वाढतात आणि पांढऱ्या पेशी फुटून नाहीशा होतात. म्हणजे रिपोर्ट दोन्ही बाजूंनी खोटा.
• पाळी चालू असेल तर तारीख पुढे ढकला. थांबणं शक्य नसेल तर लॅबला तसं सांगा.
• अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना द्या. आधीच घेतलं असेल तर लपवू नका.

हे झालं तर रिपोर्टची वाट बघू नका, डॉक्टर गाठा

• थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कंबरेच्या वर दुखणं, उलट्या.
• लघवीत रक्त, किंवा लघवी होणंच बंद.
• गरोदरपण, डायबिटीस, किडनीचा जुना आजार. यात साधी जळजळही साधी समजू नका.
• घरातलं म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागायला लागलं आणि सोबत ताप किंवा लघवीचा त्रास असला तर.

जिन्यातला नवा प्रश्न

काकी आता बऱ्या आहेत. दर तीन महिन्यांनी शुगर तपासतात, जळजळ वाटली की सुनेला सांगतात आणि गावातल्याच महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जातात. रिपोर्ट आला की तो घेऊन सरळ तिसऱ्या मजल्यावर येतात. आवाजही परत आलाय. परवा जिन्यातूनच ओरडल्या, ‘गो, माझे पस सेल किती आले बघ!’ सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. शेजारची नवी भाडेकरू मुलगी दारातच थबकली आणि संध्याकाळी हळूच माझ्याकडे आली. हातात मोबाइल, मोबाइलवर रिपोर्ट.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘त्रास काय होतोय?’

दुसरा, ‘नमुना कसा दिला होतास?’

आणि तिसरा, ‘अजून गोळी-बिळी घेतली नाहीस ना?’

नव्हती घेतली. दुसऱ्या दिवशी मी तिला मॅडमकडे घेऊन गेले.